एक गोल, दोन युद्धं

मॉरिसिओ रॉड्रिगेसला एल साल्वाडोरमध्ये सगळे 'पिपो' म्हणतात. फुटबॉलच्या इतिहासात त्याच्या नावापुढे दोन तारखा आहेत. पहिली २७ जून १९६९. त्या दिवशी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर, जादा वेळेत, १०१व्या मिनिटाला त्याने होंडुरासवर गोल केला आणि त्यानंतर सतरा दिवसांनी या दोन शेजारी देशांत युद्ध पेटलं. दुसरी १५ जून १९८२. स्पेनमधल्या एल्चे शहरात तो प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभा होता आणि त्याच्या संघाला हंगेरीने दहा गोल मारले. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कुणावर दहा गोल चढण्याची ती पहिलीच वेळ.

बाहेरच्या जगाला एल साल्वाडोरचा संघ ठाऊक आहे तो 'फुटबॉल युद्ध' आणि '१०-१' या दोन मथळ्यांपुरता. दोन्ही वाचायला चटपटीत आहेत आणि दोन्ही फसवे आहेत. पहिल्यात फुटबॉलवर नको तो आळ येतो, दुसऱ्यात वीस खेळाडूंवर.

गोष्ट सुरू होते जमिनीपासून. एल साल्वाडोरचं क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडं मोठं. त्यातली चांगली जमीन कॉफीच्या मळ्यांखाली आणि मळे मोजक्या घराण्यांच्या हातात. लोक त्यांना 'चौदा घराणी' म्हणत. आकडा तंतोतंत नव्हता, पण रोख बरोबर होता. १९३२ साली भूमिहीनांनी उठाव केला तेव्हा लष्कराने काही आठवड्यांत हजारो शेतकरी मारले. त्यानंतर जमिनीचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. ज्यांना कसायला तुकडा नव्हता ते सरहद्द ओलांडून होंडुरासमध्ये गेले. होंडुरास पाचपट मोठा आणि लोकसंख्या मात्र एल साल्वाडोरहून कमी. तिथे केळीच्या बागांत मजुरी होती, पडीक सरकारी जमीन होती, कागद कुणी विचारत नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीस असे सुमारे तीन लाख साल्वाडोरी तिकडे राहत होते. कित्येकांची मुलं तिथेच जन्मलेली.

मग होंडुरासच्या भूमिहीनांनाही जमीन हवीशी झाली. तिथल्या बड्या जमीनदारांना आणि अमेरिकन केळी कंपन्यांना धक्का न लावता ती द्यायची कुठून? राष्ट्राध्यक्ष लोपेस आरेयानो यांच्या लष्करी सरकारला सोपा मार्ग दिसला. १९६२चा जमीनसुधारणा कायदा होताच आणि त्यात जन्माने होंडुरासच्या असलेल्यांनाच जमिनीचा हक्क होता. १९६९च्या पहिल्या सहामाहीत त्याची अंमलबजावणी साल्वाडोरी कुटुंबांवर नेमकी सुरू झाली. नोटिसा आल्या, मागोमाग गुंडांच्या टोळ्या आल्या. बोचकी डोक्यावर घेऊन माणसं सरहद्दीकडे परतू लागली. सान साल्वाडोरमध्ये राष्ट्राध्यक्ष सान्चेस एर्नान्देस यांच्यापुढे पेच पडला. इतकी माणसं परत आली तर त्यांना जमीन द्यायची कुणाची? चौदा घराण्यांची तर नक्कीच नाही.

नेमक्या त्या जूनमध्ये १९७०च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हे दोन देश समोरासमोर आले.

पहिला सामना ८ जूनला तेगुसिगाल्पामध्ये झाला. आदल्या रात्री यजमान प्रेक्षकांनी साल्वाडोरी खेळाडूंच्या हॉटेलाबाहेर गोंगाट करून त्यांना झोपू दिलं नाही. लॅटिन अमेरिकेत तेव्हा हा पाहुणचार नवा नव्हता. होंडुरासने शेवटच्या क्षणी गोल करून १-० असा सामना जिंकला. आठवड्याने, १५ जूनला, सान साल्वाडोरच्या फ्लोर ब्लांका मैदानावर परतफेड झाली. होंडुरासच्या खेळाडूंनी रात्र जागून काढली, त्यांना लष्कराच्या बंदोबस्तात मैदानावर न्यावं लागलं आणि ते ३-० असे हरले. पाहुण्या प्रेक्षकांना मारहाण झाली. तिकडे होंडुरासमध्ये साल्वाडोरी वस्त्यांवर त्याचा सूड उगवला गेला.

आजच्या नियमाने दोन सामन्यांत मिळून साल्वाडोर ३-१ असा पुढे जाऊन प्रकरण तिथेच मिटलं असतं. तेव्हा मात्र गोल नव्हे, गुण मोजत. प्रत्येकी एक विजय, म्हणून तिसरा सामना त्रयस्थ जागी, मेक्सिको सिटीत. त्याच सुमारास एल साल्वाडोरने होंडुरासशी राजनैतिक संबंध तोडले. साल्वाडोरकडून हुआन रामोन मार्तिनेसने दोन गोल केले, होंडुरासने दोन्ही वेळा बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे पिपोने चेंडू जाळ्यात घातला आणि ३-२ झालं.

१४ जुलैच्या संध्याकाळी साल्वाडोरी विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोनकोन्तिन विमानतळावर बाँब टाकले आणि सैन्य सरहद्द ओलांडून आत घुसलं. आकाशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मस्टँग आणि कोर्सेअर विमानं एकमेकांवर झडप घालत होती. पंख्याच्या विमानांमधल्या या जगातल्या शेवटच्या चकमकी. १६ जुलैला अपोलो ११ चंद्राकडे निघालं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १८ जुलैला अमेरिकी राष्ट्रसंघटनेने युद्धविराम घडवला, ऑगस्टच्या सुरुवातीला साल्वाडोरचं सैन्य माघारी आलं. चार दिवसांच्या या युद्धात काही हजार माणसं मेली, त्यांत बहुतेक होंडुरासचे साधे शेतकरी.

'फुटबॉल युद्ध' हे नाव जगभर रुजलं त्यात पोलिश वार्ताहर रिशार्ड कापुश्चिन्स्कीचा वाटा मोठा. तो तेव्हा तिथे होता आणि त्याचं या नावाचं पुस्तक १९७८ साली आलं. पहिला सामना हरल्यावर एका साल्वाडोरी मुलीने स्वतःवर गोळी झाडून घेतल्याचा किस्सा त्यात आहे आणि तो अजून सांगितला जातो. तो कितपत खरा याबद्दल पुढे अनेकांनी शंका घेतल्या. कापुश्चिन्स्की थोर लेखक होता, पण किस्सा चांगला असला की तो फार खोदत बसत नसे. अर्थात जमिनीचं कारण त्यानेही लिहिलं आहे. ते वाचणारे कमी, मथळा लक्षात ठेवणारे जास्त. माझं मत विचाराल तर ते तीन सामने झालेच नसते तरी युद्ध झालं असतं, फार तर महिना-दोन महिने उशिरा. पिपोच्या गोलाने पात्रता फेरीतला एक सामना जिंकला, एवढंच त्याचं कर्तृत्व.

पात्रता फेरी तर अजून संपलेलीही नव्हती, हे या गदारोळात विसरलं जातं. सप्टेंबरात हैतीशी गाठ पडली. साल्वाडोरने पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये २-१ असा विजय मिळवला आणि घरी येऊन ०-३ अशी हार पत्करली. पुन्हा तिसरा सामना, या वेळी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये, पुन्हा जादा वेळ आणि अखेर १-०. मेक्सिको वगळता मध्य अमेरिकेतला कुठलाही देश तोवर विश्वचषकाला पोचला नव्हता. साल्वाडोर पहिला.

१९७०च्या मेक्सिको विश्वचषकात मात्र निभाव लागला नाही. बेल्जियमविरुद्ध ०-३, सोव्हिएत संघाविरुद्ध ०-२. लक्षात राहिला तो यजमानांविरुद्धचा सामना. मध्यंतराच्या तोंडावर इजिप्तचे पंच कांदील यांनी साल्वाडोरच्या बाजूने फ्री किक दिली असं खेळाडूंना वाटलं. ती घेतली मेक्सिकोच्या खेळाडूने, चेंडू पुढे गेला आणि वाल्दिव्हियाने गोल केला. साल्वाडोरी खेळाडूंनी पंचांना घेरलं, चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, पण गोल कायम राहिला. पुढे आणखी तीन झाले. तीन सामने, नऊ गोल खाल्ले, केला एकही नाही.

सत्तरचं दशक फुटबॉलच्या हिशेबात तसं कोरडं गेलं, देशाच्या हिशेबात नाही. होंडुरासशी सरहद्द आणि व्यापार बंद. तिकडून हाकलली गेलेली माणसं लाखाच्या घरात, त्यांना ना जमीन ना काम. जी वाफ होंडुरासमार्गे निघून जात होती ती आता आतच कोंडली. निवडणुकांत उघड लबाडी झाली, मोर्च्यांवर गोळीबार झाले, डोंगरांत गनिमी दलं उभी राहिली. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थनासभेतच गोळी घालून हत्या झाली आणि यादवी युद्ध उघडपणे सुरू झालं. ते बारा वर्षं चाललं आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसं गेली. सान साल्वाडोरच्या रस्त्यांकडेला रोज सकाळी प्रेतं सापडत.

अशा काळात या देशाला त्याचा सर्वांत चांगला संघ मिळाला. बचावात हाइमे रॉड्रिगेस, ज्याला पुढे जर्मनीत खेळायची संधी मिळाली. मधल्या फळीत नोर्बेर्तो उएसो. गोलात लुईस गेव्हारा मोरा, वय अवघं वीस. आणि पुढे होर्हे गोन्सालेस, ज्याला सगळं जग 'माखिको', म्हणजे जादूगार, म्हणून ओळखतं. प्रशिक्षक होता तोच पिपो, वय छत्तिशीच्या आसपास.

१९८२च्या विश्वचषकासाठी या विभागाची अंतिम पात्रता स्पर्धा नोव्हेंबर १९८१ मध्ये भरली. सहा संघ, दोन जागा, आणि सगळे सामने एकाच शहरात. शहर कोणतं, तर तेगुसिगाल्पा. बारा वर्षांपूर्वी साल्वाडोरी विमानांनी जिथे बाँब टाकले तेच. दोन्ही देशांत शांतता करार होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ३० ऑक्टोबर १९८० रोजी लिमामध्ये त्यावर सह्या झाल्या होत्या.

सुरुवातच कॅनडाविरुद्ध ०-१ अशा हारीने झाली. दुसरा सामना मेक्सिकोशी, ६ नोव्हेंबरला. मेक्सिको या विभागाचा जुना दादा. तो जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच. सामना संपायला आठेक मिनिटं उरली असताना माखिकोने चेंडू घेतला, बचावपटूंना चकवत तो आत शिरला आणि त्याने फटका मारला. गोलरक्षकाने तो अडवला, पण परतलेला चेंडू एव्हेर एर्नान्देसने जाळ्यात ढकलला. १-०. त्यानंतर क्यूबाशी गोलशून्य बरोबरी, यजमान होंडुरासशी गोलशून्य बरोबरी, हैतीवर १-० विजय. पाच सामन्यांत साल्वाडोरने केले दोन गोल आणि खाल्ला एक. सात महिन्यांनी एल्चेत दहा गोल खाणारी बचावफळी बहुतांशी हीच होती, हे ध्यानात असू द्या.

तरीही जागा पक्की नव्हती. २२ नोव्हेंबरचा शेवटचा सामना होंडुरास विरुद्ध मेक्सिको. होंडुरासची पात्रता आधीच निश्चित झालेली, त्यांना या सामन्यातून काहीच मिळवायचं नव्हतं. मेक्सिको जिंकला असता तर साल्वाडोर बाहेर गेला असता. होंडुरासला ढिलं खेळता आलं असतं, त्याबद्दल कुणी बोलही लावला नसता. पण ते जीव तोडून खेळले आणि सामना ०-० सुटला. मेक्सिको घरी गेला, साल्वाडोर स्पेनला. ज्या दोन देशांना जग 'फुटबॉलवरून लढलेले' म्हणतं, त्यांच्यातली ही दुसरी गोष्ट कुठल्याही मथळ्यात आली नाही. 'फुटबॉल युद्धा'चा दाखला देणाऱ्याला एकदा या सामन्याचा निकाल विचारून पाहावा.

देशात आनंद झाला, तो टिकला मात्र तीन आठवडेही नाही. ११ डिसेंबरला एल मोसोते गावात लष्कराच्या आत्लाकात्ल बटालियनने बायका-मुलांसह शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. सरकारने आधी ती झालीच नाही असं सांगितलं.

विश्वचषकाची तयारी अशा देशात जशी व्हायची तशीच झाली. प्रत्येक संघाला २२ खेळाडू नेता येत होते, साल्वाडोरने २० नेले. उरलेल्या दोन जागा पदाधिकाऱ्यांनी घेतल्या, असं खेळाडू पुढे अनेक वर्षं सांगत राहिले. प्रवास इतक्या ठिकाणी थांबत झाला की संघ स्पेनमध्ये सर्वांत शेवटी पोचणाऱ्यांत होता. सरावासाठी मिळायचे चेंडू त्यांच्यापर्यंत आलेच नाहीत, त्यांनी मागून आणले, हीही खेळाडूंचीच हकीकत. हवा अंगवळणी पडायच्या आतच पहिला सामना आला.

१५ जून, एल्चे. बरोबर तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला फ्लोर ब्लांकावर होंडुरासला ३-० हरवलेलं. समोर हंगेरी, ज्यांनी १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये साल्वाडोरला ४-० हरवलं होतं. चौथ्याच मिनिटाला न्यिलाशीने डोक्याने पहिला गोल केला. मध्यंतराला ०-३. इथे एखादा बेरकी संघ दहा माणसं मागे ओढून इज्जत राखतो. साल्वाडोर मोकळंढाकळं पुढे जात राहिला आणि मागे मैदान रिकामं राहिलं. ०-५ झालं.

आणि ६४व्या मिनिटाला गोल झाला. राखीव खेळाडू म्हणून उतरलेला लुईस रामिरेस सापाता, ज्याला घरी 'पेले' म्हणत, त्याने जवळून चेंडू जाळ्यात मारला. १-५. तो हात पसरून, ओरडत, वेड्यासारखा धावत सुटला. विश्वचषकातला देशाचा पहिला गोल होता तो. हंगेरीवाले डिवचले जातील, इतकं नाचू नकोस, असं सोबत्यांनी त्याला बजावल्याचं सांगतात. भीती खरी ठरली. हंगेरीच्या राखीव लास्लो किशने ६९, ७२ आणि ७६व्या मिनिटांना तीन गोल केले. सात मिनिटांत हॅटट्रिक, तीही राखीव खेळाडूची. विश्वचषकात हे तोवर कधी झालं नव्हतं. मध्येच सेंटेशने एक केला, शेवटी न्यिलाशीने दहावा. १-१०.

आपल्याला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, दहा गोल करणारी हंगेरी त्याच गटातून बाहेर पडली. अर्जेंटिनाने त्यांना ४-१ हरवलं, बेल्जियमशी त्यांची बरोबरी झाली.

साल्वाडोरचे उरलेले दोन सामने मात्र कुणी आठवत नाही. बेल्जियमने उद्घाटनाच्या सामन्यात विश्वविजेत्या अर्जेंटिनाला हरवलं होतं. त्याच बेल्जियमला साल्वाडोरविरुद्ध सहा दिवसांनी एकच गोल करता आला. शेवटचा सामना अलिकान्तेमध्ये अर्जेंटिनाशी. एका युद्धग्रस्त देशासमोर दुसरा: एल्चेतल्या सामन्याच्या आदल्याच दिवशी फॉकलंडमध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली होती. मॅराडोना, पासारेला, बेर्तोनी असा तगडा संघ, आणि निकाल २-०, त्यातला एक गोल पेनल्टीवर. त्या दोन सामन्यांतल्या खेळावर एल साल्वाडोरची पारख झाली असती तर या संघाबद्दल आज वेगळं बोललं गेलं असतं. पण घरी गेल्यावर त्यांच्या वाट्याला शिव्या आल्या, आणि गोलरक्षकाच्या तर दहा गोलांचा आकडा जन्माला चिकटला.

सुटला तो एकटा माखिको. त्या संघातही तो उठून दिसला होता. दक्षिण स्पेनच्या कादिस क्लबने त्याला लगोलग घेतलं आणि तिथे तो दैवत झाला. मॅराडोनाने त्याची तोंडभरून स्तुती केली. १९८४ साली बार्सिलोनाने अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याला आजमावून पाहिलं, पण करार झाला नाही. सराव चुकवणं, रात्री जागवणं, सकाळी न उठणं यांत तो तितकाच तरबेज होता आणि ते बदलायची त्याला कधी गरज वाटली नाही. देशाने पुढे, २००६ साली, फ्लोर ब्लांका मैदानाला त्याचं नाव दिलं.

यादवी १६ जानेवारी १९९२च्या करारानंतर संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने होंडुरासशी असलेल्या सरहद्दीचा वादही निकाली काढला. दोन्ही युद्धांचे कागद एकाच वर्षी मिटले. संघाला मात्र शांततेचा फारसा उपयोग झाला नाही. देशातली लाखो माणसं अमेरिकेत गेलेली, स्थानिक क्लब कंगाल, फुटबॉल महासंघ भांडणांत गुंतलेला. सप्टेंबर २०१३ मध्ये सामने विकल्याबद्दल १४ राष्ट्रीय खेळाडूंवर आजन्म बंदी आली. तोवर देशाकडून सर्वाधिक सामने खेळलेला आल्फ्रेदो पाचेको त्यांपैकी एक. २०१५च्या डिसेंबरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. २०१६ साली कॅनडाविरुद्धच्या सामन्याआधी पुन्हा पैशांची लालूच आली. या वेळी खेळाडूंनी पत्रकार परिषद बोलावून त्या बोलण्याची ध्वनिफीत सगळ्यांना ऐकवली.

साल्वाडोरी फुटबॉलची लाज कुठली म्हणायची असेल तर ती २०१३ची. एल्चेत उतरलेल्या वीस जणांनी काही विकलं नव्हतं. त्यांनी पाच सामन्यांत एक गोल खाऊन, भर यादवीत, देशाला स्पेनपर्यंत नेलं होतं. त्यांच्यानंतर एल साल्वाडोरचा कुठलाही संघ विश्वचषकात पोचलेला नाही. दोन्ही विश्वचषकांत मिळून सहा सामने, सहा पराभव, खाल्लेले गोल बावीस, केलेला एक, आणि तो रामिरेस सापाताचा.